सात नंबरचं कुंकू

"मॅडम, पाय पिवळ्या रेघेच्या आत घ्या. नाहीतर मागचं दार लागत नाही," मी म्हणालो.

केळुसकर मॅडमनी पाय आत घेतले. मागचं काचेचं दार फुस्स करून लागलं. पुढच्या दारावरचा लाल दिवा हिरवा झाला, दार बाजूला सरकायला लागलं, चार बोटं फट पडली आणि तेवढ्यात जमीन हलली.

आधी आवाज आला. लांबून मालगाडी यावी तसा, पण पायाखालून. मग काचा थडथडल्या. आमचे मॅनेजर गवांदे साहेब, त्यांनी माझा दंड धरला. मॅडमनी काही धरलं नाही, त्या नुसत्या गुडघ्यात वाकून उभ्या राहिल्या. आत हॉलमध्ये वरून काहीतरी लोखंडी कोसळलं. मग सगळं थांबलं. पुढचं दार त्या चार बोटांवरच अडकून बसलं.

आमच्या खोऱ्यातला माणूस धक्क्याला भीत नाही, धक्का मोजतो. टपरीवर चहा पिता पिता एक म्हणतो, तीन पॉइंट एक. दुसरा म्हणतो, हॅ, भांडी कुठं वाजली? दोन आठ. संध्याकाळी बातमीत आकडा आला की हरलेला चहा पाजतो. मीही मोजला. साडेचार. आणि साडेचारचा आमच्याकडं एकटा येत नाही. त्याला 'मागचा' असतो. पाच मिनिटांनी येईल, तासानं येईल. कधीकधी मागचाच थोरला निघतो.

"साडेचार," मी म्हणालो.

"मग बाहेर पडू या," मॅडम म्हणाल्या.

इथंच खरी गंमत होती. डेटा सेंटरच्या तोंडाशी ही काचेची खोली असते. दोन दारं. एक पुरतं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, म्हणजे चोर आला तर मधल्यामध्ये सापडावा. इंग्रजीत तिला मॅनट्रॅप म्हणतात. माणसाचा सापळा. नाव ठेवणाऱ्यानं निदान खोटं तरी बोललेलं नाही. आम्ही तिला पिंजरा म्हणायचो. आता पुढचं दार चौकट तिरकी होऊन अडकलेलं. ते लागत नाही, म्हणून मागचं उघडत नाही. सहा फूट बाय पाच फुटांत तिघं जण उभे. आणि आत हॉलमध्ये, तीस पावलांवर, आमची साफसफाईची सुगंधा पवार एकटी.

"हे हिरवं बटण कशाला आहे मग?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी ते आधीच तीनदा दाबलं होतं.

"त्याची वायर काढलीय मॅडम. सारखा अलार्म वाजायचा. तात्पुरती काढलीय."

"किती दिवस झाले?"

साहेबांनी बटण चौथ्यांदा दाबलं. मी सांगितलं, "दीड वर्ष."

बायको सासूपुढं नको ते बोलली की नवरा बघतो, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मागच्या काचेतून वॉचमन तुकाराम दिसला. साहेबांनी खुणा करून, ओरडून त्याला समजावलं की पॅनलवरून वीज बंद कर, दाराचं चुंबक सुटेल, दार उघडेल. तुकारामानं विचारलं, पॅनलची किल्ली? साहेब म्हणाले, माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. तुकारामानं विचारलं, ड्रॉवरची किल्ली? साहेबांनी खिशात हात घातला आणि तो तसाच खिशात राहिला.

"फोड!" ते ओरडले. "ड्रॉवर फोड!"

तुकाराम पळाला.

ही इमारत एका सहकारी बँकेची. मुंबईत पूर आला, तिथली यंत्रं बुडाली, तरी बँकेचं काम इथून चालावं म्हणून बांधलेली. आणि जागा कुठली निवडली? आमचं खोरं, जिथं पाळणा हलवायला आई लागत नाही. का, तर एका संचालकाच्या मेव्हण्याची जमीन पडून होती. पुराला भिऊन भूकंपाच्या मांडीवर येऊन बसले. मी तिथला फिटर. इंजिनिअर नव्हे. दहावीनंतर वेल्डिंग शिकलो, ड्रिल शिकलो, बाकी हातानं शिकवलं.

मॅडम मुंबईहून तपासणीला आलेल्या. साठीच्या, बारीक, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत एक छोटी हातोडी. सकाळपासून त्यांनी खांब वाजवून पाहिले, भिंती वाजवून पाहिल्या. पिंजऱ्यात शिरायच्या आधी म्हणाल्या होत्या, "इमारत छान आहे हो. ती उभी राहील. माझं भांडण आतल्या सामानाशी आहे. वाईट इमारतीत माणूस छताखाली मरतो, चांगल्या इमारतीत कपाटाखाली."

कपाटं म्हणजे आमचे रॅक. सात फूट उंच, यंत्रांनी भरलं की एकेकाचं वजन टनाच्या घरात. आठ ओळी. एका ओळीत आठ कपाटं. प्रत्येकाला खाली चार बोल्ट, थेट स्लॅबमध्ये चार इंच.

मी फटीला तोंड लावलं. "सुगंधा!"

आत शेकडो पंखे. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पिठाच्या गिरणीत उभं राहून शेजारच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारायची, तसं. ती लांब टोकाला होती, जमिनीच्या फरश्या उचलून खालची धूळ ओढत होती. हातात फरशी उचलायचा पंजा, रबरी वाट्यांचा. तिनं मान वर केली. मी हात हलवला. तिनंही हलवला. धड होती.

पण दाराकडं येणारी वाट बंद होती. वरची केबलची शिडी एका बाजूनं तुटून आडवी लोंबत होती आणि तिच्यातून ठिणग्या पडत होत्या. तिनं ती बघितली, दोन पावलं मागं गेली.

"हॉलला मागं दार आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "नकाशात मी पाहिलंय. संकटकाळी बाहेर पडायचं."

"आहे," मी म्हणालो. "त्याच्यापुढं खोकी आहेत."

"कसली?"

"नव्या यंत्रांची. तात्पुरती ठेवलीत."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. "सर्जेराव, तुमच्याकडे कायमचं असं काही आहे का?"

आम्ही तिघांनी मिळून दार ढकललं. साहेबांचा चष्मा पडला. दार केसभर हललं नाही.

सुगंधा आता इकडंतिकडं बघत होती. मग तिला आठवलं. तिच्या चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसलं, शाळेतल्या पोरीला उत्तर आठवावं तसं. तिनं माझ्याकडं बघून अंगठा वर केला आणि हॉलच्या कोपऱ्याकडं चालू लागली. सात नंबरच्या ओळीकडं.

तिथं जमिनीवर एक पिवळा चौकोन रंगवलेला होता. 'सुरक्षित जागा'. दर तीन महिन्यांनी सराव व्हायचा, भूकंप झाला तर काय करायचं त्याचा. फोटो निघायचे, फायलीत जायचे. चौकोन तिथं का, तर मागं मोठा खांब होता, भिंतीवर फलक होता, फोटो चांगला यायचा. सराव घ्यायचं काम माझ्याकडं. मी सगळ्यांना चौकोनात बसवायचो. डोकं गुडघ्यात, पाठ कपाटाला. एकदा सुगंधानंच विचारलं होतं, "दादा, ह्येच धूड अंगावर आलं म्हंजी?" मी सात नंबरच्या कपाटावर, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली होती. म्हणालो होतो, "घाट हलंल, पण हे हलायचं नाही."

सगळे हसले होते. तीही.

"हुशार बाई आहे," मॅडम म्हणाल्या. "घाबरली नाही."

मी साहेबांकडं बघितलं. साहेब चष्मा पुसत होते. काच स्वच्छ होती, तरी पुसत होते.

"साहेब," मी म्हणालो.

"गप्प," ते हळू म्हणाले. मॅडम फटीतून आत बघत होत्या. "मागचा येईलच असं काही नाही. तुकाराम येतोय."

"येतोच. साडेचारचा होता."

"सर्जेराव. मॅडम आहेत."

आता सांगतो. सात नंबरची ओळ नंतर आली. बाकीच्या सात ओळी चालू झाल्यावर. चालू यंत्रांशेजारी काँक्रीटला ड्रिल मारलं की धूळ उडते, धूळ उडाली की धुराचे सेन्सर बोंबलतात, सगळं बंद पडतं. बंद ठेवायला बँक तयार नव्हती. दोन दिवसांनी उद्घाटन होतं, मंत्र्यांच्या हस्ते. गवांदे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "अरे, तात्पुरतं कर. बोल्ट काप, टोपी तेवढी चिकटव. पुढच्या महिन्यात बंद मागून घेतो, मग खरे टाकू." मी ग्राइंडर घेतला, अंगणात बसून बत्तीस बोल्ट कापले आणि वरच्या टोप्या, भेगा बुजवायची लांबी लावून, कपाटांच्या खालच्या प्लेटला चिकटवल्या. एका दुपारचं काम. हात कसलेला. खऱ्याखोट्यातला फरक माझा मलाच कळेना.

तो पुढचा महिना आलाच नाही.

आणि प्रत्येक टोपीवर मी लाल रेघ ओढली. बोल्ट आवळून झाला की नटावरून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढायची असते. पुढं नट फिरला तर रेघ तुटते, लांबून कळतं. त्या रेघेला आमच्या टोळीत 'कुंकू' म्हणत. नाव सुगंधानंच दिलेलं. नवरा घाटात ट्रकसकट गेला तेव्हा तिचं सव्विसावं चालू होतं. सासूनं आपल्या हातानं तिचं कुंकू पुसलं. आमच्याकडं कामाला लागली, पहिल्याच आठवड्यात मला रेघा ओढताना बघून म्हणाली, "ह्यांचं लगीन लागलं जणू. दादा, नीट लावा. माझं गेलं, बोल्टांचं तरी टिकू द्या." त्यानंतर सगळेच विचारायचे, दोन नंबरचं कुंकू झालं का, पाचचं राहिलं का. मी सात नंबरचं लावलं तेव्हा ती रजेवर होती. आल्यावर तिनं ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "कसं ठसठशीत लावलंय!"

ती चौकोनाशी पोचली. खाली बसली. पाठ कपाटाला.

मी फटीत तोंड घातलं. "सुगंधा! तिथं नको! ऊठ तिथनं!"

तिनं कानाला हात लावला.

"ऊठ!"

तिनं मान डोलावली आणि आणखी आत, कपाटाला चिकटून बसली. तिला वाटलं, मी म्हणतोय नीट बस.

"का उठवताय तिला?" मॅडम माझ्याकडं वळल्या. "जागा चुकीची आहे का?"

साहेबांनी बुटाची टाच माझ्या चपलेवर ठेवली आणि दाबली. "काळजीपोटी ओरडतोय, मॅडम. बहिणीसारखी आहे त्याला."

मी खुणा केल्या. डावीकडं हो, दोन नंबरकडं जा. तिनंही हात हलवला. हसली. मला धीर देत होती. मी पिंजऱ्यात, ती मोकळ्या हॉलमध्ये, म्हणून मला धीर देत होती.

त्या गिरणीच्या आवाजात लांबलचक बोललेलं पोचणार नव्हतं. बोल्ट कापलेत, चिकटवलेत, स्लॅबमध्ये काही नाही, एवढं सगळं तिला कसं सांगणार? एक शब्द पोचला असता. तो मला ठाऊक होता. जिभेवर होता. आणि मी गप्प उभा राहिलो. माझ्या सहीचा कागद होता, सात नंबर ओळ, बत्तीस बोल्ट, खोली चार इंच. घरी दोन पोरी. शेजारी तपासणीची बाई. किती वेळ गप्प होतो? धक्का मोजणारा माणूस मी, पण ते मोजलं नाही. दहा सेकंद असतील. मिनिटही असेल.

मग तळव्यांना मुंग्या आल्या. आमच्याकडं काही माणसांना कळतं. आवाजाच्या आधी कळतं.

"सुगंधा! कुंकू खोटं!" मी गळा फाडला. "सातचं कुंकू खोटं! कुंकू खोटं!"

तिची मान वर झाली.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली, मांडीशेजारच्या बोल्टाकडं, त्याच्या ठसठशीत रेघेकडं. हातातल्या पंज्याची कड तिनं टोपीला लावली आणि एक हिसका दिला. टोपी निघाली. दुधाचा दात निघावा तशी. तिनं ती उचलली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. पळायला पाहिजे होतं तिनं. तरी एवढा वेळ तिनं मला दिला.

मग उठली आणि दोन नंबरकडं धावली.

ती पोचायच्या आत मालगाडी आली. मागचाच थोरला होता. मी भिंतीवर आपटलो, मॅडम माझ्यावर, दिवे गेले आणि लागले. फटीतून मला एवढंच दिसलं की सात नंबरची ओळ आधी मागं गेली, भिंतीला टेकली, जणू दम घेतला आणि मग आठच्या आठ कपाटं पुढं आली. पिवळ्या चौकोनावर. जमीन पुन्हा हलली असं वाटलं, पण ती ह्या वेळी वरून हलली होती.

बाकीच्या ओळी उभ्या होत्या. दोन नंबरच्या कपाटाला मिठी मारून सुगंधा उभी होती.

मग मॅडमनी कपाळावरचं रक्त रुमालानं टिपलं आणि विचारलं, "कुंकू म्हणजे काय?"

साहेब पटकन म्हणाले, "इकडची माणसं आहेत मॅडम. देवीचं काहीतरी. संकट आलं की ओरडतात."

"सर्जेराव?"

मी म्हणालो, "व्हय मॅडम. देवीचं."

हेच ते. बाईचा जीव वाचला होता, शब्द फुटला होता, पण आमचा होता, परक्याला न कळणारा. साहेबांनी त्याच्यातून एक दार उघडून दिलं आणि मी त्यातून सुमडीत बाहेर पडलो. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांनी माझ्या चपलेवर पुन्हा ठेवलेली टाच उचलली.

तुकारामानं ड्रॉवर फोडला होता. वीज गेली, पंखे हळूहळू थांबले. त्या इमारतीत तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मागचं दार उघडलं. पहार घालून पुढचंही हातभर सरकवलं. ठिणग्या विझल्या होत्या. सुगंधा केबलच्या शिडीखालून गुडघ्यांवर रांगत आली. कोपर फुटलेलं, तोंडावर धूळ, एक मूठ मिटलेली.

"बरी आहेस ना?" साहेब म्हणाले. "जा, पाणी पी. तुकाराम, हिला बाहेर ने."

ती हलली नाही. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, मला एक सांगा. हे कुंकू म्हणून ओरडत होते, ते काय?"

सुगंधानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला वाटलं, आता ती सांगेल. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी सुटलो असतो. तिनं माझा हात धरून वर उचलला, बोटं उलगडली आणि मूठ त्याच्यात रिकामी केली. अर्ध्या इंचाची टोपी. खाली लांबीचा गोळा. वर माझी रेघ.

"घ्या दादा," ती म्हणाली. "तुमची सवाष्ण."

आणि गेली. मॅडमना एक शब्द बोलली नाही.

मी तिथंच उभा. हातात ती टोपी, वजन म्हणाल तर चिंचोक्याएवढं. दोन्ही दारं सताड उघडी होती आणि मला त्या पिंजऱ्यातून पाऊल काढता येईना. साहेब म्हणत होते, सर्जेराव, चल, चल बाहेर, टाक ते. मॅडम माझ्या हाताकडं बघत होत्या. त्यांना वाट बघता येत होती.

"मॅडम," मी म्हणालो, "देवीचं नाही." आणि हात पुढं केला.

ह्याला अकरा वर्षं झाली. पुण्याला चौकशी झाली. गवांदे साहेबांनी सांगितलं, फिटरनं परस्पर केलं, मला कल्पना नव्हती. कागदावर सही माझीच होती. 'तात्पुरतं कर' ह्या शब्दाला सही नसते. ते आता दुसऱ्या इमारतीवर आहेत, ह्याच्यापेक्षा मोठ्या. मी गिरण्यांचे पाये बसवतो. बोल्ट टाकला की गिऱ्हाइकाच्या हातात पहार देतो, म्हणतो, उपटून बघ. लोक मला चक्रम म्हणतात. म्हणू देत.

सुगंधालाही साक्षीला बोलावलं होतं. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार उघडं होतं. मला पुन्हा कधी ती 'दादा' म्हणाली नाही, त्या दिवशीही समोरून गेली तेव्हा नाही. आत साहेबी आवाजात कुणीतरी तिला विचारत होतं, बाई, तुमचं म्हणणं नक्की काय आहे, ह्या माणसानं तुम्हाला मारायला बसवलं की वाचवलं?

मग तिचा आवाज आला.

"लावलं बी त्यानंच आन् पुसलं बी त्यानंच. ल्ह्या तसंच."